ओरेस्टच्या मापाचे मोजे

"ओढ," व्हर्ना म्हणाली.

"ओढतोच आहे."

"ओढत नाहीयेस, नुसता धरून बसलायस. अडलेल्या गाईचं वासरू ओढायचास ना, तसा ओढ."

सकाळचे साडेसहा वाजले होते. ओरेस्ट प्रोकोपचुक स्वयंपाकघरात जमिनीवर गुडघे टेकून बसला होता. हातांत भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे, समोर बायकोचा उजवा पाय, आणि त्या पायावर पोटरीच्या मध्यावर येऊन अडून बसलेला एक लांबलचक पांढरा मोजा. चौतीस वर्षं त्याने गावच्या धान्यकोठारावर गव्हाच्या गाड्या रिकाम्या केल्या होत्या, पण असा घाम त्याला तिथेही कधी फुटला नव्हता.

मोजा दवाखान्यातला होता. दोन वर्षांपूर्वी व्हर्नाचं पित्ताशय काढलं तेव्हा नर्सने तिच्या पायांत ते मोजे चढवले होते आणि घरी येताना व्हर्नाने ते काढून पिशवीत घातले होते. प्रोकोपचुकांच्या घरात काही टाकून दिलं जात नाही. ब्रेडच्या पिशव्या धुऊन वाळत घातल्या जातात आणि दह्याच्या डब्यांत दही सोडून बाकी सगळं सापडतं. तेव्हा परवा डॉक्टरांनी "पायांच्या शिरा फुगल्यात, दाबाचे मोजे घाला" असं म्हटल्याबरोबर व्हर्नाला कपाटाचा तिसरा खण आठवला. कसले मोजे हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, ते तिने वाचलंही नाही.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. तासातासाने दहा मिनिटं बसायचं, पाय वर ठेवून. ही गोष्ट व्हर्नाने दवाखान्याच्या दारातच सोडून दिली.

त्याला कारण होतं. मॅनिटोबा प्रांतातल्या झोरिया गावात दर गुरुवारी चर्चच्या तळघरात बायका पिरोही करायला जमतात. मैद्याच्या पारीत बटाटा आणि चीजचं सारण भरायचं, कडा चिमटीने दाबून बंद करायच्या आणि उकळत्या पाण्यात सोडायच्या. शुक्रवारी त्या विकल्या जातात आणि त्यावर चर्चचं छप्पर टिकून आहे. कडा दाबणाऱ्या अकरा बायका एका लांब टेबलाशी उभ्या असतात. टेबलाच्या टोकाला उभी असते ती मुख्य. तिने नापसंतीने बाजूला सरकवलेली पिरोही करणारीने मुकाट्याने उलगडून पुन्हा करायची. एकतीस वर्षं त्या टोकाला व्हर्ना उभी होती.

भिंतीला लागून चार खुर्च्या असत. ज्यांना उभं राहवत नाही अशा म्हाताऱ्या तिथे बसून सारणाचे गोळे वळत. एकदा तिथे बसलेली बाई पुन्हा टेबलाशी आलेली कुणी पाहिली नव्हती. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो मोडायची सोयही नव्हती. आणि व्हर्नाच्या उजव्या कोपराला लागून नादिया कोझाक उभी असे, सव्वीस वर्षांपासून. दर गुरुवारी अकराच्या सुमाराला ती मायेने विचारी, "दमलीस का गं व्हर्ना? बस की जरा."

"हिच्यापुढे मी बसले ना," व्हर्ना ओरेस्टला म्हणत असे, "तर मी उठायच्या आत ही माझ्या जागेवर मुळं धरेल."

मोजा शेवटी चढला. त्या गुरुवारी व्हर्ना लांब पँटखाली पांढरे मोजे घालून टेबलाशी उभी राहिली. त्या मोज्यांना पुढे बोटांपाशी एक भोक असतं, त्यातून अंगठा बाहेर येऊन बुटात अडकत होता. वरची कड तासाभरात घरंगळली आणि गुडघ्याखाली तिची वळकटी झाली. व्हर्ना दर दहा मिनिटांनी मीठ आणायच्या निमित्ताने कोठीत जाऊन ती वर ओढून येई. दुपारपर्यंत नादियाने विचारलंच, "आज सारण खारट झालंय का गं? किती मीठ आणतेस."

घरी आल्यावर पाय होते त्याहून सुजले होते. ओरेस्टने न विचारता सरकारी आरोग्यसल्ल्याच्या फोनवर नर्सला गाठलं आणि रिसीव्हर व्हर्नाच्या हातात दिला.

"पांढरे आहेत का?" नर्सने विचारलं. "आणि बोटांशी भोक? अहो बाई, ते अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे. माणूस आडवा असला की रक्ताला वर चढायला फारसे कष्ट नसतात, म्हणून त्यांचा दाब बेताचा. उभं राहणाऱ्यांचे वेगळे. त्यांचा दाब घोट्याशी सगळ्यात जास्त आणि वर जाताना कमी कमी होत जातो. आणि ते पायाचं माप घेऊनच घ्यायचे असतात."

"दोन्ही मोजेच ना?"

"खुर्ची आणि पलंग दोन्ही लाकडाचेच असतात," नर्स म्हणाली. तिला दिवसभर असलेच फोन येत असावेत.

आता माप घ्यायचं म्हणजे गावातल्या एकुलत्या एका औषधांच्या दुकानात जायचं. तिथे मोज्यांची मापं घ्यायला जोलीन होती, आणि जोलीन होती नादियाची सून.

"मी तिथे पाऊल टाकलं की संध्याकाळच्या आत नादियाला कळणार," व्हर्ना म्हणाली. "तू जा. माझं नाव काढायचं नाही."

"मग कुणाचं काढू?"

"ते तू बघ. इतकी वर्षं माझ्या हातचं खातोयस, एवढंही जमणार नाही का?"

शनिवारी सकाळी दुकान उघडताच ओरेस्ट आत शिरला. जोलीनने काउंटरवर एकेक खोका मांडायला सुरुवात केली.

"हे बघा ओरेस्टकाका, हा हलका. लांबच्या विमानप्रवासाला जाणारे नेतात, नाहीतर दिवसभर उभं राहून पाय नुसते भरून येतात ते लोक. हा मधला. शिरा फुगल्या असल्या तर हाच, पण त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. हा त्याच्या वरचा, तो मी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हातातच देत नाही. आता लांबी. गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत की कमरेपर्यंत? आणि बोटं उघडी की झाकलेली?"

ओरेस्टला आयुष्यात मोज्यांचे दोनच प्रकार माहीत होते, भोक पडलेले आणि न पडलेले.

"कुणासाठी आहेत?" जोलीनने विचारलं.

डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्या खिशातच होती, पण तिच्यावर व्हर्नाचं नाव होतं. खिशावर हात ठेवून तो म्हणाला, "माझ्यासाठी."

"बरं केलंत सकाळीच आलात. पाय सुजायच्या आधी माप घेतलेलं बरं असतं. बसा, पँट वर करा."

ओरेस्ट खुर्चीवर बसला. जोलीनने पडदा ओढला आणि फितीने आधी घोटा मोजला, मग पोटरी, मग जमिनीपासून गुडघ्यापर्यंतची उंची. ओरेस्ट सहा फूट दोन इंच उंच आणि त्याचे पाय बगळ्यासारखे. व्हर्ना त्याच्या खांद्याला लागत नव्हती आणि तिच्या पोटऱ्या चांगल्या भरलेल्या. हे त्याच्या लक्षात आलं तोपर्यंत जोलीन आकडे लिहून मोकळी झाली होती.

"जरा सैल असेल तर दे," तो चाचरत म्हणाला. "आणि आखूड."

"सैल घेऊन काय उपयोग काका? आणि आखूड कशाला, तुमचा पाय केवढा लांब." तिने त्याच्या नडगीवर बोटाने दाबून पाहिलं. "कमाल आहे. एक शीर वर आलेली नाही. गावातल्या पुरुषांचे पाय वरून इतके चांगले दिसतात आणि आतून त्रास. मला काही कळतच नाही."

चिठ्ठी घरी राहिली असं सांगून ओरेस्टने हलक्यातले काळे घेतले. बाहेर पडताना समोरच्या पेट्रोलपंपावर नादियाचा नवरा वॉल्टर गाडीत तेल भरत होता. त्याने ओरेस्टच्या हातातली पिशवी पाहिली, ओरेस्टने त्याला पाहताना पाहिलं, आणि दोघांनीही हवामानाबद्दल एक शब्द न बोलता मान हलवली. झोरियात हे फार क्वचित घडतं.

घरी पिवळे हातमोजे पुन्हा निघाले. ओरेस्टच्या मापाचा मोजा व्हर्नाच्या पायावर चढला खरा, पण त्याची टाच तिच्या पोटरीवर येऊन बसली आणि वरचा वीतभर भाग गुडघ्याच्याही वर उरला. व्हर्नाने तो खाली दुमडला.

"दुमडू नकोस. तिथे दुप्पट दाब पडेल."

"तुला रे कुणी सांगितलं?"

"जोलीनने. तिने मला सगळं सांगितलं. माझ्या पायांचं फार चांगलं म्हणाली."

"तिला म्हणावं, ने घरी तुझे पाय," व्हर्ना म्हणाली आणि दुमडून उभी राहिली. संध्याकाळी दुमड सोडली तेव्हा गुडघ्याखाली सुतळी आवळल्यासारखा वळ उठला होता. ओरेस्टने त्यावर गार पाण्याचं फडकं ठेवलं. मग तिचा पाय मांडीवर घेऊन बसला. ही बाई चाळीस वर्षांत कधी "दुखतंय" म्हणाली नव्हती आणि आताही म्हणत नव्हती.

रविवारी दुपारी नादिया दारात उभी राहिली, हातात बीटच्या सूपचं पातेलं.

"ओरेस्ट कसा आहे?" तिने दबक्या आवाजात विचारलं. "मला कळलं. म्हणजे मला कुणी सांगितलं नाही, पण कळलं."

ओरेस्ट त्या वेळी छपरावर चढून बर्फ खाली लोटत होता. व्हर्नाने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

"पडलाय आत," ती म्हणाली. वरून धपकन आवाज आला. "कूस बदलली असेल."

त्या दिवसापासून ओरेस्टची पंचाईत झाली. अंगणातलं बर्फ शेजारी येऊन काढून देऊ लागले. गावात कॉफी प्यायला बसला की त्याच्यासाठी दुसरी खुर्ची पाय ठेवायला ओढली जाऊ लागली. ओरेस्टला बसून खायची सवय नव्हती, पण तीन दिवसांत लागली.

पुढच्या रविवारी फादर तारास प्रवचन संपवून दोन पावलं पुढे आले. फादर मनाने फार चांगले होते आणि त्यामुळे गावाला अधूनमधून त्रास होत असे. आदल्या दिवशी ते खोकल्याच्या गोळ्या आणायला दुकानात गेले होते. जोलीन इमानी मुलगी, तिने एकाचंही नाव घेतलं नव्हतं. ती इतकंच म्हणाली होती की फादर, चर्चच्या पुरुषांना जरा कमी उभं करत जा.

"आपल्या पुरुषांपैकी पुष्कळांना पायांच्या शिरांचा विकार आहे," फादर म्हणाले. "एकदोघांना नव्हे. संकोचाने ते बोलत नाहीत. तेव्हा नाताळापर्यंत तळघरात बटाट्यांची पोती उचलणं, पातेली उतरवणं, बर्फ काढणं यांतलं काहीही पुरुषांनी करायचं नाही. त्यांच्यासाठी मी खुर्च्या मांडायला सांगितल्या आहेत. आपल्या भगिनी समर्थ आहेत."

समर्थ भगिनींच्या बाकांवर चिडीचूप झालं. ओरेस्टने डावीकडे पाहिलं तर वॉल्टर छताकडे बघत होता. त्याच्या पलीकडे बसलेले आणखी सातआठ जण आपापले बूट न्याहाळत होते.

प्रार्थना संपल्यावर ओरेस्टने वॉल्टरला कोट अडकवायच्या खोलीत गाठलं.

"तुझ्या पायांना काय झालंय?"

"तुझ्या पायांना जे झालंय तेच," वॉल्टर म्हणाला.

"माझ्या पायांना काही झालेलं नाही."

"मग मी काय म्हणतोय?"

वॉल्टरने दार लोटून घेतलं.

"नादियाने मला माझ्या सुनेकडे पाठवलं रे," वॉल्टर हळूच म्हणाला. "स्वतःच्या सुनेसमोर पँट वर करून बसलो. सप्टेंबरपासून नादिया माझ्या मापाचे मोजे घालून उभी राहतेय. व्हर्नाला कळलं तर तिच्याआधी आपणच टेबल सोडल्यासारखं होईल, असं नादिया म्हणते. व्हर्नाला सांगू नकोस."

"आणि तू नादियाला."

"म्हणजे दोघी एकमेकींसाठी उभ्या आहेत."

"एकमेकींवर डोळा ठेवून," ओरेस्टने दुरुस्ती केली. शब्द दिला होता, त्यामुळे आता घरी तोंड उघडायची सोय राहिली नाही.

नाताळाच्या आधीचा गुरुवार उजाडला. चारशे डझनांची मागणी होती. भिंतीशी खुर्च्यांची रांग मांडलेली, प्रत्येकीसमोर पाय ठेवायला एकेक रिकामं खोकं, आणि त्यांवर पाय टाकून नऊ धडधाकट पुरुष कॉफी पीत बसलेले. गोळे वळणाऱ्या दोन म्हाताऱ्या त्यांच्यामध्ये दाटीवाटीने कशाबशा मावल्या होत्या. फादर स्वतः सगळ्यांना उशा वाटत होते. टेबलाशी अकरा बायका उभ्या होत्या आणि एकीच्याही तोंडावर हसू नव्हतं.

दहा वाजता सारण संपत आलं. बटाट्यांची पोती जिन्याच्या वर, दारापाशी पडलेली. एका पोत्यात पन्नास पौंड.

"मी आणते," व्हर्ना म्हणाली.

"एकटी कशाला, मी धरते की," नादिया म्हणाली.

दोघींनी पोतं दोन टोकांना धरलं आणि जिना उतरू लागल्या. चौथ्या पायरीवर व्हर्नाच्या वरच्या ओठावर घाम दिसला. नादिया पाय टाकायच्या आधी प्रत्येक वेळी डोळे मिटत होती.

"ठेवायचं का जरा?" नादियाने विचारलं.

"तू दमलीस का?"

"मी कशाला दमते. तुझ्यासाठी म्हटलं."

"मग चल."

खुर्चीतून वॉल्टर ओरेस्टच्या कानाशी लागला. "कोण आधी ठेवेल?"

"कुणी ठेवणार नाही. दोघी पडतील."

ओरेस्टला बसवेना. व्हर्नाचा चेहरा मैद्यासारखा पांढरा पडला होता आणि आपण उशीला टेकून कॉफी पितो आहोत याची त्याला मनापासून लाज वाटली. तो उठला आणि जिन्याकडे निघाला.

"ओरेस्ट, खाली बस," पोत्यामागून नादिया ओरडली. "तुझे पाय!"

"बस म्हणतेय ना ती," व्हर्ना म्हणाली. तिच्या डोळ्यांत अशी काही धमकी होती की एरवी तो बसला असता. बोलावं तर हिची एकतीस वर्षांची जागा जाते, न बोलावं तर हीच जाते. ओरेस्टने खाली वाकून आपली पँट गुडघ्यापर्यंत वर केली. आधी उजवी, मग डावी.

"माझे पाय ठणठणीत आहेत," तो म्हणाला.

तळघरातली सगळी माणसं त्याच्या पायांकडे पाहू लागली. पाय खरोखरच बघण्यासारखे होते.

"अरे, पण तुझे मोजे कुठे आहेत?" फादरनी काळजीने विचारलं.

"मोजे माझ्याकडे नाहीत, फादर."

"मग कुणाकडे आहेत?"

ओरेस्टने वर केलेली पँट तशीच धरून ठेवली. व्हर्नाने पोत्याच्या आड मान घातली. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर झाकण तडतडत होतं. मग मागे एक खुर्ची करकरली आणि वॉल्टर उभा राहिला. त्यानेही पँट वर केली.

"माझेही माझ्याकडे नाहीत," तो म्हणाला.

त्यानंतर एकेक करून बाकीचे सात उठले. प्रत्येकाने फक्त पँट वर केली. भिंतीशी अठरा निरोगी नडग्यांची रांग उभी राहिली. फादर त्या नडग्यांकडे पाहत राहिले, मग त्यांची नजर हळूहळू टेबलाखाली, बायकांच्या घोट्यांकडे गेली. टेबलाशी उभ्या बायका आपापले पाय एकमेकींमागे लपवायचा प्रयत्न करत होत्या.

जिन्यावर व्हर्नाने आणि नादियाने पोतं एकाच वेळी खाली ठेवलं. आधी कुणाचं टेकलं हे ठरवणं कुणाला जमलं नसतं.

"तुझ्या पायांत कुठले आहेत?" नादियाने विचारलं.

"काळे. ओरेस्टच्या मापाचे."

"माझे तपकिरी. वॉल्टरच्या मापाचे." नादिया पायरीवर बसली. "टाच पोटरीवर येते बघ."

"माझीपण," व्हर्ना म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली. "आणि वरून दुमडलं की कापतं."

"मेलं, चाकूने कापल्यासारखं कापतं."

 मग व्हर्नाने मान वर केली. चारशे डझनांतले जेमतेम दीडशे झाले होते आणि तिच्या अंगातली मुख्य बाई अजून कुठे गेली नव्हती.

"त्या खुर्च्या इकडे आणा," ती पुरुषांना म्हणाली. "खोकी पण. आणि नऊच्या नऊ जण हात धुऊन या. साबणाने."

अकरा बायका टेबलापासून हातभर मागे खुर्च्यांत बसल्या, पाय खोक्यांवर टाकले आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यांचं काम बघू लागल्या. टेबल उंच होतं, बसून हात पोचत नव्हता, म्हणून टेबलाशी पुरुष उभे राहिले. पहिला अर्धा तास हलकल्लोळ होता. वॉल्टरच्या पिरोहीतून सारण बाहेर डोकावत होतं. एकाने दोन पाऱ्या एकावर एक लावून थाळीएवढी एकच केली. बायका हसून हसून डोळे पुसत होत्या आणि खुर्चीतून हुकूम सोडत होत्या.

फक्त टोकाच्या जागेवर हसण्यासारखं काही नव्हतं. तिथे ओरेस्ट उभा होता. त्याचे अंगठे जाड आणि सावकाश, पण एकदा दाबलेली कड पुन्हा उघडत नव्हती. एकतीस वर्षं जेवताना तो समोर ठेवलेल्या पिरोहीची कड आधी नीट बघून मगच खात असे, ते असं कामाला आलं होतं. नादियाने त्याच्या बारा पिरोही वेगळ्या काढून उकळत्या पाण्यात टाकायला लावल्या. बाराच्या बारा जशाच्या तशा वर आल्या.

"एकही फुटली नाही," नादिया म्हणाली. तिने ते जरा जास्तच मोठ्याने म्हटलं.

"पहिलाच दिवस आहे," व्हर्ना म्हणाली.

"तेच म्हणतेय मी. पहिल्याच दिवशी."

फादर तारासनी एक खाऊन पाहिली, मग दुसरी. "ओरेस्ट," ते गहिवरून म्हणाले, "इतकी वर्षं तू कुठे होतास? आता नाताळ झाल्यावरही ही जागा तूच सांभाळ. व्हर्नाला बिचारीला विश्रांती मिळेल."

ओरेस्टने नम्रपणे मान खाली घातली, पण त्याचे कान आनंदाने लाल झाले होते आणि ते व्हर्नाला खुर्चीतून स्पष्ट दिसले. वॉल्टरची एक पिरोही ओरेस्टने उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि काही न बोलता बाजूला सरकवली. वॉल्टरने ती मुकाट्याने उलगडली.

व्हर्नाने पाय खोक्यावरून खाली घेतले. "नादिया," ती म्हणाली, "उद्या दुकान किती वाजता उघडतं गं?"

"आठला," नादिया म्हणाली. "मीही तोच विचार करत होते."

शुक्रवारी पावणेआठलाच व्हर्ना गाडीत जाऊन बसली. ओरेस्टने तिला दुकानाशी सोडलं आणि मागोमाग तोही आत गेला. नादिया आधीच खुर्चीत बसली होती, पँट गुडघ्याच्या वर. तिच्या मागे टेबलाशी उभ्या राहणाऱ्या आणखी सहा जणी भिंतीला टेकून रांगेत उभ्या होत्या. पडदा ओढायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. जोलीनला काय चाललंय ते उमजत नव्हतं, पण फीत मात्र भराभर फिरत होती.

व्हर्नाचा नंबर आला. तिने डॉक्टरांची चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि वरून हाताने सारखी केली.

"कुणासाठी?" जोलीनने सवयीने विचारलं.

"माझ्यासाठी. व्हर्ना प्रोकोपचुक, शिरा फुगलेली. मधला दे, गुडघ्यापर्यंतचा, बोटं झाकलेला. घोटा नीट मोज, सूज यायच्या आत आलेय मी." मग ती रांगेकडे वळून म्हणाली, "आणि तासातासाने दहा मिनिटं सगळ्यांनी बसायचं. मी बसणार आहे. बसून उठलं की आपापल्या जागेवर."

नवे मोजे पायांत घालूनच ती दुकानातून बाहेर पडली. टाच टाचेवर होती. गाडीत बसल्यावर तिने पाय पुढे पसरले आणि डावीउजवीकडे फिरवून पाहिले. ओरेस्टने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"नाताळ झाल्यावरच्या गुरुवारी," तो काचेवरच्या बर्फाकडे बघत म्हणाला, "फादर म्हणाले म्हणून विचारतो. मी येऊ ना?"

"ये की," व्हर्ना म्हणाली. "बटाट्यांची पोती कोण उचलणार?"

ओरेस्टने गाडी सुरू केली.